बोटीच्या पोटात काय भरावं

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. उद्या कुणी म्हणालं की रवींद्र सरांनी बोटीची वाट लावली, तर आपल्याजवळ तारीखवार नोंद पाहिजे. वही कुणाला दाखवायची नाही. शीतलला, म्हणजे बायकोला, तर नाहीच.

बोट काल ट्रॉलीतून आली. फायबरची, चौदा फुटी, जुनी. धरणावरचा बोटिंग क्लब बंद पडल्यापासून फुलसिंगच्या शेतातल्या आखाड्यावर पडून होती. फुलसिंग म्हणाला, काही न्हाई सर, डेक जरासा नरम हाय. 'जरासा' म्हणताना त्याचे डोळे बघायचे होते, पण त्यानं गॉगल लावला होता. सकाळी आठ वाजता, मार्च महिन्यात, घरच्या आखाड्यावर गॉगल. नोंद करून ठेवतो.

उद्देश: अक्का. म्हणजे सोजराबाई, माझी थोरली बहीण, वय अडुसष्ट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. ती राहते धरणाच्या पलीकडच्या काठाला, आमच्या जुन्या गावी. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ९ मे रोजी वसमतला. तारीख शीतलनं घेतली, ती दवाखान्यात नर्स आहे. सडकेनं यायचं तर अख्ख्या धरणाला वळसा, दोन एसट्या, साडेतीन तास. पाण्यावरून पंधरा मिनिटं. ८ तारखेला मी बोट घेऊन जाणार, अक्काला बसवणार, इकडच्या काठाला उतरवणार.

शीतल म्हणाली, एक जीप सांगितली तर? बाईमाणसाला दूरदृष्टी कमी असते.

५ मार्च

वर अर्धंच कारण लिहिलं. स्वतःशी तरी खोटं बोलू नये.

तीन वर्षांपूर्वी अक्काच्या नातीच्या लग्नात मी मांडवामागं हात धुवायला गेलो होतो. कनातीच्या आडून अक्काचा आवाज आला: "रवीच्यानं काय व्हतंय." पुढं बायका हसल्या. मी हात न पुसता निघून आलो. तेव्हापासून तिच्या घरी पाऊल नाही. ती फोन करते, शीतल बोलते. मी मान हलवतो.

मनात काही ठेवलेलं नाही. फक्त तिच्या दारासमोर बोट लावायची आणि काही न बोलता उभं राहायचं.

७ मार्च

हातोडीनं डेक, म्हणजे बोटीत उभं राहायची जागा, वाजवून पाहिला. चांगल्या जागी टण आवाज येतो, सडल्या जागी ढब. मागून पुढं जात गेलो: ढब, ढब, ढब, ढब, टण, ढब. टण आला तिथं लोखंडी कडी होती.

हातोडी तपासायला हवी.

१० मार्च

डेक कापला. वर फायबरचा पातळ पापुद्रा, खाली तसाच दुसरा, आणि मध्ये काळा ओला लगदा, चहाच्या चोथ्यासारखा. पुरणपोळीच म्हणायची. पोळी धड आहे, पुरण सडलंय. या पुरणाला कोअर म्हणतात. दुरुस्ती म्हणजे कोअर कोणता भरायचा हा निर्णय. एकदा निर्णय झाला की काम काहीच नाही.

मोहनसिंगला बोलावलं. औंढा रोडला त्याचं फायबरचं दुकान आहे, दारं आणि पाण्याच्या टाक्या करतो. त्यानं चिमूटभर लगदा चोळला, हुंगला आणि म्हणाला, "प्लाय व्हता सर. स्क्रूच्या छिद्रातून पाणी शिरलं. बारा एमएमचा मरीन प्लाय टाका, चारी अंगानं रेझिन, म्हंजे फायबरचा डिंक, पाजून बंद करा. चार दिवसाचं काम हाय, मी करून देतो. प्लाय हरिचंदकडून घ्या, त्याचा माल बराबर असतो."

दोन मिनिटांत निदान. डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो. आणि हरिचंदचंच नाव का? गेल्या आठवड्यात हे दोघं एका टपरीवर चहा पिताना दिसले होते. एकच चहा, दोघांत.

मी विचार करून सांगतो म्हणालो. एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. लोक मला सर म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. ऐकीव गोष्टीवर मी बीकरसुद्धा उचललेला नाही.

१३ मार्च

हरिचंदच्या दुकानात गेलो. तोंडाला रुमाल बांधून, धुळीसाठी. त्यानं लगेच ओळखलं. मोहनसिंगनं कळवलेलं असणार. मरीन प्लायचा एक तुकडा नमुना म्हणून मागितला. त्यानं सरकारी मानकाचा शिक्का दाखवला, ७१०. मी म्हणालो, शिक्का तर कुणीही मारतं. तो म्हणाला, "मग तुमी उकळून पाहा."

इतका आत्मविश्वास बरा नव्हे.

१५ मार्च

प्लाय कुकरमध्ये. सकाळी सहापासून. पुस्तकी नियम बहात्तर तास उकळण्याचा आहे, पण दाबाखाली वेळ कमी लागतो हे विज्ञान आहे.

दुपारी १. चाळीस शिट्ट्या. शीतल ड्युटीवरून आली. कुकर उघडून बघितला आणि झाकण परत लावलं. दुपारचं जेवण: शेजारून.

संध्याकाळी ५. प्लायचा एकही थर सुटला नाही. कडा धारदार. हा निकाल मला पटत नाही. दुकानात असला खास तुकडा गिऱ्हाइकांसाठी काढून ठेवलेला असणार. प्लाय रद्द.

१९ मार्च

प्रज्ञेशला फोन केला. माझा मुलगा गुजरातेत पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्या पात्यांच्या पोटातही कोअरच असतो. तो म्हणाला, आमच्याकडं बाल्सा नावाचं लाकूड वापरतात आणि पीव्हीसी फोम. बाल्सा फार हलकं, फोम पाणी पीत नाही. "पण पप्पा, जुन्या बोटीला आणि एकदाच्या कामाला प्लाय बरा. तिथं मिळतो आणि मिस्तरीला त्याची सवय असते."

मिस्तरी. मी मोहनसिंगचं नावही काढलं नव्हतं. शीतल याला फोन करते का, बघावं लागेल.

बाल्साचा नमुना ऑनलाइन मागवला.

२७ मार्च

कुरिअरवाला आला. एवढा मोठा खोका, आणि हातात घेतला तर वजनच नाही. अशा बातम्या मी वाचलेल्या आहेत. मोबाइल मागवला, खोका रिकामा. मी तिथल्या तिथं त्याला व्हिडिओ काढायला लावला, खोका हलवून दाखवला आणि न उघडता परत पाठवला. कुरिअरवाला चांगला माणूस होता. म्हणाला, सावध असलेलं बरं.

या वयातही मला कुणी फसवू शकत नाही याचं समाधान वाटलं.

२८ मार्च

प्रज्ञेशचा फोन. बाल्सा हलकंच असतं म्हणे, म्हणूनच ते वापरतात. मग खोक्यावर तसं लिहायचं. 'आत माल आहे' एवढं लिहिलं तरी पुरे.

तसंही जे लाकूड दक्षिण अमेरिकेतून आमच्या जवळा बाजारला येतं, त्यानं वाटेत काय काय पाहिलं असेल कुणास ठाऊक. बाल्सा रद्द.

२ एप्रिल

संकल्प: ५ तारखेपर्यंत कोअर नक्की. १० पर्यंत डेक बंद. १५ ला रंग. २० ला पाण्यावर चाचणी. बाकी दिवस वल्हवण्याचा सराव.

६ एप्रिल

तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, विचार चालू आहे. हलक्या, सरळ, आपल्या मातीतल्या. जुडी बांधून हौदात सोडली, तरंगली. एक तासानं कुणाच्या तरी शेळीनं हौदातून ओढून शेंडे खाल्ले. ज्याला शेळी खाते तो कोअर नाही. तुराट्या रद्द.

९ एप्रिल

प्रज्ञेशनं एका मित्राबरोबर पीव्हीसी फोमचा तुकडा पाठवला. हिरवट, पुठ्ठ्याएवढा जाड. मी बादलीत टाकला: तरंगला. मग टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल टाकला: तोही तरंगला, आणि जास्त वर. दोन्ही हलके, दोन्हींत हवा, दोन्ही पाणी पीत नाहीत. आणि एकाला हिरवा रंग आहे म्हणून तो परदेशी मरीन फोम.

आता सगळं उघड आहे. थर्माकोललाच रंग देऊन बोटवाल्यांना विकतात. ही गोष्ट मी एका बादलीत सिद्ध केली. धरणावरचे मासे धरणारे गडी थर्माकोलच्या लादीवर बसूनच अख्खं पाणी फिरतात. त्यांना कुणी पीव्हीसी विकलेला नाही.

निर्णय झाला. कोअर: थर्माकोल.

११ एप्रिल

मोहनसिंग सहज आल्यासारखा आला. थर्माकोलची एक लादी उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, "सर, रेझिन थर्माकोल खातं."

मी विचारलं, खातं म्हणजे? तो म्हणाला, "खातं म्हंजे खातं. ओतलं की बसून जातं. त्याच्यावर फायबर लावतच न्हाईत."

बरोबर. आपला धंदा बुडताना दिसला की माणूस असंच बोलणार. तरीही मी निःपक्ष माणूस आहे. चाचणी घेणार.

१२ आणि १३ एप्रिल

चाचणी. बोटीच्या जुन्या फायबरचा एक तुकडा थर्माकोलवर ठेवला, वर वरवंटा. चोवीस तास. थर्माकोलला काहीही झालं नाही. वाळलेलं रेझिन काय आणि ओलं काय, पदार्थ एकच. मोहनसिंगचं म्हणणं खोटं ठरलं. निकाल वहीत लिहून खाली सही केली.

उद्या बाबासाहेबांची जयंती. कामाला सुट्टी.

१९ एप्रिल

बेचाळीस डिग्री. मगमध्ये थोडं रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर घेऊन हात बसवत होतो. ब्रश बुडवेपर्यंत मग गरम झाला, धूर निघाला आणि आतल्या आत दगड. ब्रश उभाच राहिला. मोहनसिंगनं रेझिन देताना सांगितलं होतं की उन्हाळ्यात हार्डनर कमी घाला, पहाटे काम करा. कमी हार्डनर म्हणजे कच्चं काम हे कुणालाही कळेल. मला कच्चं काम करायला लावून मग स्वतः दुरुस्तीला येण्याचा त्याचा डाव दिसतो.

शीतल म्हणाली, तो सांगतो ते एकदा करून तर बघा. शीतलला तो 'वहिनी' म्हणतो. म्हणून.

२४ एप्रिल

अक्काचा फोन. शीतलनं स्पीकरवर टाकला आणि मला न विचारता सरळ तिला विचारलं, की तीन वर्षांपूर्वी लग्नात 'रवीच्यानं काय व्हतंय' असं तुम्ही बोललात का. मी उठून जात होतो, पण चप्पल सापडेना.

अक्का म्हणाली, "अगं, मठ्ठा करून राहिलो व्हतो ना आमी. दोनशे माणसाचं ताक. मोतीबाई लाकडाची रवी घिऊन बसली व्हती घुसळत. म्या म्हनलं, रवीच्यानं काय व्हतंय, मिक्सर आना." आणि मग तिचा आवाज बदलला. "म्हून येत न्हाई का रं तू? तीन साल? मला वाटलं, माझ्या हातून काही चुकलं. रोज इचार करते, काहून येत न्हाई माझा भाऊ."

मी घसा साफ केला. शीतल म्हणाली, ऐकतायत ते, अक्का.

दुपारी ४. शांतपणे विचार केला. मठ्ठा होता हे खरं, मी स्वतः तीन ग्लास प्यालो होतो. पण असलं उत्तर तयार करायला तीन वर्षं भरपूर झाली. आणि सगळ्या बायका एकदम हसल्या त्या कशाला? मिक्सरला कोण हसतं?

तरी आज जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

२६ एप्रिल

अक्काला आपण होऊन फोन केला. सांगितलं: ८ तारखेला सकाळी सात वाजता काठावर येऊन बस, आंब्याच्या झाडाखाली. पिशवी हलकी ठेव. मी बोट घेऊन येतोय. ती म्हणाली, "तू येणार? स्वतः?" मी म्हणालो, स्वतः. तिच्या धाकट्या नातीच्या मोबाइलवर बोटीचा फोटोही पाठवला. अक्का म्हणाली, लय झाक हाय. पहिल्यांदा कुणीतरी निःपक्षपाती मत दिलं.

२ मे

थोडा उशीर झालाय, पण निर्णय पक्का असला की काम पटकन होतं. सगळ्या लाद्या मापात कापल्या. अंगणभर पांढरे गोळे उडतायत. शीतल म्हणते, डाळीत आले.

५ मे, सोमवार

सकाळी ७. लाद्या डेकमध्ये बसवल्या. अगदी साच्यातून काढल्यासारख्या. फोटो काढला.

७.२०. रेझिन ओतलं.

७.२२. लाद्या खाली बसतायत.

७.२५. उग्र वास. लाद्यांच्या जागी पांढरट चिकट रस, त्याच्यावर फेस. जिथं अर्धा इंच थर्माकोल होता तिथं आता काही नाही.

७.४०. निष्कर्ष: रेझिनमध्ये भेसळ. रेझिन कुणी दिलं? मोहनसिंगनं. ११ एप्रिलला तो 'खातं' म्हणाला, तेव्हाच त्याला माहीत होतं की आत काय मिसळलंय. आता सगळे धागे जुळले.

६ मे

खचून जाणारा मी नव्हे. कोअर नसला म्हणून काय झालं, वरचा पापुद्रा तर आहे. खाली पुठ्ठा लावून वरून काचतंतूच्या मॅटचे दोन थर आणि रेझिन मारलं. वाळल्यावर असा चकचकीत डेक दिसतो की विचारू नका. हातोडीनं वाजवला नाही. सारखं वाजवल्यानंही माल खराब होतो.

ट्रॉलीवाल्याला ८ तारखेचं, पहाटे सहाचं सांगितलं.

७ मे

अंगणातच चाचणी. चढलो, वल्हं हातात घेतलं, मधोमध उभा राहिलो. चार सेकंद उत्तम. पाचव्या सेकंदाला उजवा पाय मांडीपर्यंत आत.

बाहेर निघेना. फायबरच्या कडा दात लावल्यासारख्या. हाक मारायची नाही असं ठरवलं. पण मोहनसिंग दारातच उभा होता, का ते माहीत नाही. त्यानं करवतीनं कड कापली आणि हळूच पाय सोडवला. शीतलनं पट्टी बांधली. टाके चार. दोघं फाटकापाशी जाऊन काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

भोक बुजवलं. यावेळी हार्डनर कमी घातलं, त्याचंच ऐकून.

८ मे, गुरुवार

६.००. ट्रॉली आली. भोकावरचं रेझिन अजून ओलं, बोटाला तार येते. ट्रॉलीवाल्याला म्हणालो, दहा मिनिटं.

७.००. अजून तार.

७.१०. अक्काचा फोन. उचलला नाही. बॅटरी वाचवायला हवी, पाण्यावर लागेल.

७.३५. पुन्हा फोन.

८.१५. पुन्हा. आता उचलून काय सांगणार? ती लगेच अर्थ काढते.

९.००. ट्रॉलीवाला दुसरीकडं गेला. कडबा न्यायचा होता म्हणे. वैशाखात इतक्या तातडीनं कडबा.

९.४०. चौथा फोन. मोबाइल उशीखाली ठेवला. तिथं आंब्याची सावली दहापर्यंतच असते. लहानपणी आम्ही दोघं त्याच झाडाखाली बसून बाबांची वाट बघायचो.

१०.३०. रेझिन वाळलं. आता ट्रॉली नाही.

दुपारी १.२०. फाटकात टेम्पो थांबला. मोहनसिंगचा, टाक्या नेतो तो. पुढच्या सीटवरून शीतलनं अक्काला हात धरून उतरवलं. अक्काच्या पाठीला लोड, डोक्याला ओला पंचा, हातात हलकी पिशवी. सगळं कालच ठरलं होतं. हे दोघं पहाटे पाचला धरणाला वळसा घालून निघाले होते. मला वाटलं होतं, शीतल ड्युटीवर आहे. टेम्पो वाटेत पंक्चर झाला म्हणून उशीर. अक्का तोवर काठावरच बसून होती. नात म्हणत होती, घरात चल. ही म्हणाली, भाऊ यायलाय, त्याला मी दिसले न्हाई तर तो माघारी जाईल.

माझ्यासमोर आली आणि चाचपून माझा चेहरा धरला. म्हणाली, वाळलास रं.

मी म्हणालो, ट्रॉलीवाल्यानं घात केला.

९ मे

ऑपरेशन झालं. छान झालं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, पाय लांब करून. एका बाईनं मलाच विचारलं, तुमचा कधी आहे नंबर?

१० मे, शनिवार. संध्याकाळ

सकाळी पट्टी काढली. दुपारी अक्काला काळा चष्मा लावून घरी आणलं, मोहनसिंगच्याच टेम्पोतून. ती फाटकात थांबली. लिंबाकडं बघितलं, शीतलकडं बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग हळूहळू चालत बोटीजवळ गेली.

मी म्हणालो, आधी चहा घे. तिनं ऐकलं नाही.

एका हातानं कडेला धरून तिनं अख्खी फेरी मारली. चष्मा कपाळावर सरकवायला लागली, शीतल नको म्हणाली. वाकून डेक बघितला. कापलेली भगदाडं, वाकडी कड, पुठ्ठ्याचं टोक बाहेर आलेलं, ठिगळावर ठिगळ, आणि मधोमध माझ्या चपलेचा ठसा. तिनं ठशावरून बोट फिरवलं.

मग माझ्याकडं वळून अगदी मायेनं विचारलं, "रवी, हे कुनी करून ठिवलं रं?"

मी मोहनसिंगचं नाव सांगितलं.

मोहनसिंग तिथंच होता, टेम्पोतून पिशव्या उतरवत. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग अक्काकडं. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "व्हय अक्का, चुकलं माझं. बारा एमएमचा प्लाय टाकून चार दिवसात बराबर करून देतो."

शीतल आत निघून गेली. अक्का म्हणाली, असू दे बाबा, चुकतं मानसाचं. आणि त्याला माझा चहा दिला.

रात्री जेवण जाईना. त्यानं असं काहून म्हटलं असेल? काहीतरी स्वार्थ असल्याशिवाय कुणी असं बोलत नाही. शोधतोय. अजून सापडला नाही.